समोरच्या मांडीवर

आईने पदराने माझं तोंड झाकलं तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि माझ्या पर्समध्ये एका अशिलाचं प्रतिज्ञापत्र होतं. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठवडा झाला होता. डॉक्टरांनी डोळा तपासून 'झकास' म्हटलं होतं, आणि आम्ही आटोने केशवापूरला घरी निघालो होतो. नेहमीचा रस्ता खणलेला. हुबळीत एखादा रस्ता खणलेला नसला तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. आटोवाल्याने दुर्गदबैलाच्या बाजारातून काढतो म्हणून आधी कन्नडात आणि मग आईकडे बघून मराठीत सांगितलं. आई नव्या डोळ्याने दुकानांच्या पाट्या वाचण्यात गुंग होती. वाटेवरचं काहीही तिला सांगावंसं वाटत होतं: ती बघ परात, तो बघ दोरखंड, त्या माणसाच्या शर्टाचं बटण तुटलंय. मग एका हार्डवेअरच्या दुकानासमोर हातगाडी आडवी आली, आटो थांबला, आणि आईने माझं डोकं स्वतःकडे ओढून त्यावर पदर टाकला. पदराला कापराचा आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांचा वास येत होता. मला वाटलं तिला चक्कर आली. पण चक्कर आलेल्या बाईच्या हातात एवढा जोर नसतो. पदराखालून मला फक्त दुकानाची पायरी दिसली, पायरीवर रचलेल्या शिंदीच्या केरसुण्या दिसल्या, आणि त्यांतली एक बांधणारा बाईचा हात दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण होतं. आटो हलला तसा आईचा हात सैल झाला. "धूळ होती गं, उत्तरा," ती म्हणाली.

मी हुबळीच्या कोर्टात वकिली करते. साक्षीदार खोटं बोलतो तेव्हा तो कारण आधी सांगतो आणि प्रश्न नंतर येतो, हे मला वडिलांनी शिकवलं. तेही वकील, गुरुराज कुलकर्णी. त्यांच्याच टेबलाशी मी अजून बसते. माझ्या कामातलं निम्मं काम म्हणजे लोकांचे जन्म सिद्ध करणं. कुणाचा दाखलाच नाही, कुणाच्या दाखल्यावर नाव नाही, कुणी शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेल्या तारखेवर आयुष्य काढलंय. मी त्यांची प्रतिज्ञापत्रं करते, साक्षीदार उभे करते, आणि कोर्ट त्यांना जन्माला घालतं. माझा स्वतःचा दाखला मात्र स्वच्छ आहे. आई सुलभा, वडील गुरुराज, जन्मस्थळ धारवाड. त्यातलं फक्त धारवाड खरं आहे. हे मला वडिलांनी मी कॉलेजात जायला लागल्यावर चहा पिता पिता सांगितलं. अशिलाला निकाल वाचून दाखवावा तसं सांगितलं: तुला धारवाडच्या एका आश्रमातून आणलं, कायदेशीर दत्तक घेतलं, तुझा हक्क म्हणून सांगतो, आणखी मला काही माहीत नाही. आई तेव्हा आत कणीक मळत होती. ती त्या दिवशी फार वेळ मळत राहिली आणि पोळ्या मात्र वातड झाल्या.

वडील होते तोवर मी शोध घेतला नाही. ते गेल्यावर अर्ज केले. आश्रम कधीच बंद झाला होता, त्याच्या जागेवर आता मंगल कार्यालय आहे. ज्या सरकारी कार्यालयाकडे आश्रमाचं दप्तर गेलं असं सांगत होते, त्यांनी दप्तर उपलब्ध नाही असं कळवलं. मी अपील केलं. पुन्हा तेच उत्तर आलं, फक्त शाई वेगळी. मी दुसऱ्यांच्या बाबतीत अशी उत्तरं हसून वाचते. ही वाचताना मला हसू आलं नाही. मला कुणाची माया नको होती, ती घरात भरपूर होती. वारसा नको होता. मला कुणी जन्म दिला आणि तिने मला आपणहून सोडलं की सोडायला लावलं, एवढंच पाहिजे होतं. सावनी, माझी मुलगी, पोटात असताना डॉक्टरांनी विचारलं होतं, तुमच्या आईला बाळंतपणात काही त्रास? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी वर बघितलं. आई शेजारीच बसली होती.

घरी आल्यावर मी आईला डोळ्यात थेंब घातले आणि ती डोळे मिटून पडलेली असताना विचारलं, "कोण होती ती?" डोळे मिटलेल्या माणसाला पळता येत नाही. हा थोडा अन्यायच होता.

"कोण?"

"केरसुण्यावाली."

आई म्हणाली, "तुला पाजत होती ती."

तिने सांगितलं ते असं. तिला आणि वडिलांना आश्रमात बाळ दाखवायला बोलावलं होतं. बाकावर बसवून ठेवलं. कुणी तरी आतलं दार उघडलं आणि तेवढ्यात आईला व्हरांडा दिसला. भिंतीला टेकून एक पोरगी बसली होती, मांडीवर बाळ होतं, हातावर गोंदण होतं. दार लागलं, आणि थोड्या वेळाने तेच बाळ दुपट्यात गुंडाळून आईच्या हातात दिलं. बाळाच्या ओठांवर दूध होतं. "मी ते पदराने पुसलं," आई म्हणाली, "आणि लगेच वाटलं, पुसायला नको होतं." पुढे मी शाळेत जायला लागले तेव्हा दुर्गदबैलात तीच पोरगी, आता बाई झालेली, केरसुण्या घेऊन बसलेली तिला दिसली. तेव्हापासून आई दुर्गदबैलात गेली नाही.

हे ऐकताना माझं लहानपण कुणीतरी हलवून नीट लावावं तसं जागेवर बसत गेलं. दुर्गदबैलात चोर असतात, असं आई सांगायची. भांडी, धान्य, दिवाळीच्या पणत्या, सगळं दाजीबानपेठेत मिळालं पाहिजे, आणि तिथे जायचं तेही लांबचा वळसा घालून. वडील चेष्टा करायचे, तुझ्या आईला दाजीबानपेठ आंदण दिलीय म्हणून. आमच्या घरात शिंदीची केरसुणी कधी आली नाही. आणि सावनी झाली तेव्हा मी तिला पाजायला घेतलं की आई काहीतरी काम काढून खोलीबाहेर जायची. मला ते लागलं होतं. मला वाटायचं, तिला हे सुख मिळालं नाही म्हणून तिला बघवत नाही. मी तिची कीव करायची. ती मात्र दरवाज्याच्या त्या बाजूला उभी राहून एक व्हरांडा बघत असणार.

"तू माझ्यापासून हे लपवलंस," मी म्हटलं. मला राग आला होता, आणि राग आला की मी कोर्टात बोलते तशी बोलते. "मी अर्ज करत होते, अपिलं करत होते, ते तू बघत होतीस. आणि ती इथे, बसच्या दोन थांब्यांवर बसली होती."

"तुला न्यायला आली असती तर?"

"आई, मी सत्तेचाळीस वर्षांची आहे."

"मग काय झालं?" आई म्हणाली.

शनिवारी कोर्टाला सुट्टी होती. मी आईला काही न सांगता गेले आणि आईने काही विचारलं नाही, म्हणजे तिला कळलं होतं. आटोत मी प्रश्नांची जुळवाजुळव केली. पहिला प्रश्न निरुपद्रवी असावा. केरसुणीची किंमत विचारावी, मग गाव, मग वय. आपल्याला जन्म देणाऱ्या बाईची उलटतपासणी कशी घ्यावी हे वडिलांनी शिकवलेलं नव्हतं. पायरीपाशी उतरले तेव्हा ती पान चघळत एक केरसुणी आपटून सारखी करत होती. पासष्टीची असावी. मी तिच्या चेहऱ्यात स्वतःला शोधलं: नाक, कपाळ, कान. काही ओळखीचं नव्हतं, पण मी ठरवून टाकलं की हनुवटी माझी आहे.

"ही केवढ्याला?" मी विचारलं.

तिने मला पायापासून वरपर्यंत बघितलं. "मंगळवारी आटोत तोंड झाकलेली तूच न्हवं?" ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या बाईचं तोंड कोण झाकतंय? मी म्हटलं, हीच ती. बस की. आई बरी हाय तुझी?"

माझे सगळे प्रश्न तिथेच संपले. मी पायरीवर बसले. दुकानाच्या मालकाने आतून बघितलं आणि पुन्हा खिळे तोलायला लागला. तिचं नाव मथुरा. गाव अळणावरच्या पलीकडे, जंगलाला लागून, आता हुबळीत मुलीकडे राहते. नंतर लग्न झालं, दोन पोरी झाल्या, नवरा गेला. हे सगळं तिने केरसुणी बांधता बांधता सांगितलं, कुणाचं तरी दुसऱ्याचं सांगावं तसं.

"तुम्ही आईला ओळखलंत कसं?" मी विचारलं. "तिने तर तुम्हाला दारातून बघितलं होतं."

"मी कुठं ओळखलो? तीच मला बघून पळाली, एका पोरीला वडत. हुबळीत मला कोण भितंय, सांग? कुणी न्हाई. मग जी भितीया ती तीच असणार की."

मी विचारायचं ते विचारलं. शब्द कसे आले ते आठवत नाही. तुम्ही मला का सोडलंत, असंच काहीसं. मथुराबाईंनी दोरी दातांत धरली होती. ती सोडून त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आधी समजलं नाही. ती कीव होती.

"माझी न्हवंस गं तू," त्या म्हणाल्या. "तुला मी पाजलो. माझा पोरगा होता."

आश्रमात त्या वेळी दोघीच बाळंतिणी होत्या. मथुराबाईंना पोट दिसायला लागल्यावर मामाने आणून सोडलं होतं. बाळंत झाल्या तेव्हा दाई 'गंड मगु' म्हणाली, मुलगा, एवढं कानावर पडलं. मग बाळ उचलून नेलं. चार दिवसांनी मांडीवर आणून ठेवली ती मुलगी. आश्रमाच्या मोठ्या बाईंचा तसा नियमच होता. बाळाला अंगावरचं दूध तर पाहिजे, वजन वाढल्याशिवाय कुणी घेऊन जात नाही. पण आपलं पाजलं की सुटत नाही. मग हिचं तिला आणि तिचं हिला. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, मथुराबाई म्हणाल्या, शिरा करून घालायच्या. तुमच्या भल्यासाठीच करतो म्हणायच्या.

"दुसरी कोण होती?"

"हेमक्का. हेमावती. कन्नड बोलायची, शिकलेली होती. उंच."

"मी उंच नाही," मी म्हटलं. ही हरकत मी का घेतली मला ठाऊक नाही.

"बापावर गेली असशील," मथुराबाई म्हणाल्या.

त्यांनी हाताने दाखवलं: ही भिंत, ती भिंत, मध्ये एवढी जागा. या भिंतीला त्या, त्या भिंतीला हेमावती. एकीच्या मांडीवर दुसरीचं. मथुराबाई हेमावतीच्या मांडीकडे बघायच्या आणि हेमावती यांच्या. दुसरं काही बोलणं नव्हतंच. ढेकर काढली का, म्हणून एकीने विचारायचं. हुं, म्हणून दुसरीने सांगायचं. टाळूवर तेल घाल की, म्हणायचं. "मी तुला चांगलं पाजलो," त्या म्हणाल्या. "उगीच सांगत न्हाई. माझं तिच्याकडं होतं. मी हयगय केली असती तर तिनंबी केली असती. आन तिनं न्हाई केली."

मी पायरीवर बसून ऐकत होते. समोरून हातगाड्या जात होत्या. एका बाईने येऊन केरसुणीची घासाघीस केली, घेतली नाही. मला सावनीची पहिली थंडी आठवली, तिला मांडीवर घेतल्यावर तिची मूठ माझ्या साडीच्या निऱ्यांत कशी अडकायची ते आठवलं, आणि समोरच्या भिंतीला टेकून बसून ते बघणं कसं असेल याचा मी विचार करायचा प्रयत्न केला. तो पुढे सरकेना. मी इतकी वर्षं दोनच शक्यता धरून चालले होते, सोडलं किंवा सोडायला लावलं. एकमेकींसमोर बसवून रोज दाखवलं, ही शक्यता कुठल्याही अर्जात लिहायला जागा नव्हती.

"गेली कधी ती?"

"तिचा भाऊ जीप घेऊन आला. तुला न्यायच्या आधीच गेली ती, मग माझ्या पोराला आत बाटलीवर ठेवलं. गाव काय सांगितलं न्हाई, तिथं गाव सांगायचं नसतंय." मथुराबाईंनी दोरीला गाठ मारली, ती नीट बसली नाही म्हणून सोडली. "जायच्या आदल्या दुपारी बाई जेवायला गेल्या होत्या. हेमक्का उठून माझ्यापाशी आली. वंद सल कोडु, म्हणाली. एकदा दे. मी दिलो न्हाई."

"का?"

"भ्यालो. बाई आल्या असत्या तर दोघींचीबी पोरं काढून घेतली असती. मग मला समोर काय दिसलं असतं? तेवढंच दिसत होतं की मला. ती उभी राहिली. मग जाऊन बसली जाग्यावर."

मला त्यांचा राग आला. सरळ सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांच्या हातातली केरसुणी हिसकावून घ्यावीशी वाटली. एकदा द्यायला काय झालं होतं? माझ्या आयुष्यात ती एक दुपार होती आणि या बाईने ती दिली नाही. आणि राग येत असतानाच कळत होतं की तिच्या जागी मी असते, समोर सावनी असती, तर मीही दिलं नसतं. मथुराबाईंनी क्षमा वगैरे मागितली नाही. त्यांनी गाठ पुन्हा मारली.

"एक काम कर माझं," त्या म्हणाल्या. "तुझी आई आली त्या दिशी दोन जोडपी होती. बाकावर तुझी आई आन दुसरी एक बाई बोलत बसल्या होत्या, चांगल्या हसत. त्या दुसरीनं माझं नेलं. कुठं नेलं तेवढं इचार. मला काय मागायचं न्हाई. एवढी वर्षं तिला हेच इचारायचं होतं, आन ती मला बघितली की पळतीया."

मी घरी चालत आले. वाटेत मला दिसेल त्या उंच म्हाताऱ्या बाईकडे मी बघत होते. बसथांब्यावर एक होती, चष्मा, पांढरा अंबाडा, भाजीची पिशवी. हेमावती, मी मनात म्हणून बघितलं. तिने बस धरली. पुरावा म्हणून माझ्याकडे एक नाव होतं, एक भाषा आणि उंची. असा दावा घेऊन कुणी माझ्याकडे आलं असतं तर मी त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं. तरीही सकाळी घरातून निघताना जेवढं होतं त्यापेक्षा हे जास्त होतं. मला आपणहून सोडलं नव्हतं. मला एकदा मागितलं होतं.

आई दारातल्या खुर्चीत काळा चष्मा लावून बसली होती. "काय म्हणाली?" तिने विचारलं. खुर्चीचा हात तिने घट्ट धरला होता. मी तिला सगळं सांगितलं, पायरीपासून जीपपर्यंत. मथुराबाईंनी मला जन्म दिलेला नाही हे सांगितल्यावर आई निवांत होईल असं मला वाटलं होतं. ती झाली नाही. दुसऱ्या जोडप्याचं मी सांगितलं तेव्हा तिने चष्मा काढला.

"गुरुप्रसाद," ती म्हणाली.

"कोण?"

"त्यांच्या मुलाचं नाव. धारवाडला माळमड्डीत राहायचे. बारशाला गेलो होतो आम्ही, तुला घेऊन. पुढे दोन वर्षं पत्रं होती, मग त्यांची म्हैसूरला बदली झाली." तिने चष्म्याच्या काड्या मिटल्या. "मला ठाऊक होतं. इतकी वर्षं मला ठाऊक होतं, आणि ती एवढंच विचारायला बसली होती. मला वाटलं ती तुला मागेल. मी काय गं केलं हे?"

मी तिची समजूत घालायला पाहिजे होती. तू घाबरली होतीस, असं म्हणायला पाहिजे होतं. त्या दिवशी घाबरलेल्या बायका मी पुरेशा ऐकल्या होत्या. मी म्हटलं, "उद्या जाऊ." आई म्हणाली, "उद्या रविवार, ती बसत असेल का?" आणि मग, "नऊवारी नेसू की साधी नेसू?" मी म्हटलं, साधी.

रविवारी दुर्गदबैलात गर्दी कमी असते. आटोतून उतरताना आईने माझा हात धरला, आणि पायरी दिसल्यावर सोडला. मथुराबाई उठून उभ्या राहिल्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मला वाटलं आता रडारड होणार, म्हणून मी उगाच पर्समध्ये काही शोधायला लागले. तसं काही झालं नाही. मथुराबाईंनी एक पोतं झटकून पायरीवर पसरलं. "बसा अक्का," त्या म्हणाल्या. आई बसली. तिने न विचारताच सांगायला सुरुवात केली: घर कुठे होतं, गुरुप्रसादचे वडील बँकेत होते, त्याची आई स्वभावाने गरीब होती, म्हैसूरचा पत्ता जुन्या पत्रांत सापडेल, उत्तरा शोधून काढेल, ती वकील आहे. मथुराबाई मान हलवत होत्या, पण त्यांना ते पाहिजे नव्हतं.

"सावळा होता का गोरा?" त्यांनी विचारलं. "मला समोरून नीट दिसायचा न्हाई. हेमक्काच्या पदरात असायचा."

आईने आठवून बघितलं. तिला आठवत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"गव्हाळ," ती म्हणाली. "कानामागे तीळ होता. मी टोपडं बांधलं ना त्याला बारशाला. मांडीवर घेऊनच बांधलं."

मथुराबाई आईच्या मांडीकडे बघत राहिल्या. आईच्या ते लक्षात आलं, आणि तिने मांडीवरची आपली पिशवी उचलून बाजूला ठेवली.